दादा खोकला नाही

पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत आज जिना फिनेलनं धुतला आणि त्या वासासरशी मला चिखलीच्या माहेरची मागची पत्र्याची खोली आठवली.

माझा मोठा भाऊ, दादा, चाकणच्या कंपन्यांचा माल ट्रकमधून लांब लांब पोचवायचा. त्याला एड्स झाल्याचं कळलं आणि आईनं त्याला त्या खोलीत हलवलं. त्याचं ताट वेगळं, तांब्या वेगळा; खोली आई रोज फिनेलनं पुसायची. शेजाऱ्यांना आम्ही कावीळ सांगितली होती.

एका रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते. आई म्हणाली, "बाहेरून कडी लाव." माझा हात उचलेना. तेव्हा आतून दादाच म्हणाला, "लाव गं सुमे. मी खोकणार न्हाई."

मी कडी लावली आणि भर दुपारी तासभर पाहुण्यांसमोर मान खाली घालून बसले. भाऊ किती, असं त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "एकच, हा धाकटा." मी गप्पच राहिले.

पाहुणे गेल्यावर मी दार उघडलं. दादा घामानं निथळत भिंतीला टेकून बसला होता, तोंडात टॉवेलचा बोळा. तो काढून त्यानं विचारलं, "पसंत पडलीस का?"

मी होकारार्थी मान हलवली. त्याच्याजवळ जावंसं फार वाटलं, पण उंबरा ओलांडला नाही.

दोन महिन्यांनी तो गेला. माझ्या नवऱ्याला आजही वाटतं, मला एकच भाऊ आहे. आईच्या भीतीनं मी गप्प राहिले, असं स्वतःला सांगत आले. पण आई जाऊनही आता नऊ वर्षं झाली.