चिकटपट्टीखालचं बटण

कणीक मळता मळता डाव्या हाताच्या बोटांकडे लक्ष गेलं. टोकांवर तारांचे वळ उठलेत, कातडी निबर झाली आहे. पन्नाशी उलटल्यावर मी इलेक्ट्रिक गिटार शिकते आहे. सध्या एक संथ, गुणगुणल्यासारखा सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, बसवणं चाललंय.

माझ्या गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पवर एक लाल बटण आहे. ते दाबलं की आवाज फाटतो, घरघरतो आणि त्या गदारोळात चुका बुडून जातात. परवा क्लासमध्ये आमचे तरुण सर म्हणाले, "काकू, ते बटण दाबा ना. तार ओढून सूर चढवताना तो जरा कमी पडतो, ते कळणार नाही."

घरी येऊन मी त्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकली.

कळू दे की! हळू हस, हळू बोल, पाहुणे आहेत, हे आयुष्यभर ऐकलं. या स्वच्छ आवाजात बोट केसभर घसरलं तरी भिंतीपलीकडे ऐकू जातं. जाऊ दे. घसरणारं बोट माझं आहे, आणि सुरापर्यंत पोचेल तेही माझंच असेल.

काल खालच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "तुमचा तो शेवटचा सूर रोज जरा खालीच राहतो हो. खिडकी तरी लावत जा."

कणीक झाकून ठेवली, हात धुतले, गिटार गळ्यात अडकवली. खिडकीचं एक दार उघडं होतं. मी दुसरंही सताड उघडलं.