सुनेच्या पणजोबांचे नाव

माझे व्याही मला पहिल्या भेटीत आवडले नाहीत आणि पुढे जे घडले त्याने त्या मतात फरक पडला नाही. त्यांनाही मी आवडलो नाही. हे आरंभीच सांगून ठेवतो, कारण वाचकाला उगीच समेटाची वाट पाहायला लावणे मला प्रशस्त वाटत नाही.

पत्नी निवर्तल्यावर मी मुलाकडे, जर्मनीतल्या एश्बॉर्नला राहायला आलो. मुलगा तिथल्या एका संगणक कंपनीत सल्लागार होता. त्याच कार्यालयातली, मूळची बॉनची एक जर्मन मुलगी त्याने पसंत केली होती. वसंतात श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे नोंदणी कचेरीत, दोघांनी सह्या केल्या. शरदात बाड हॉम्बुर्गच्या एका सभागृहात वैदिक पद्धतीने विवाह करायचा, असे ठरले. ती इच्छा माझी नव्हती, सुनेची होती. आपल्या वडिलांनी आपला हात स्वतःच्या हाताने नवऱ्याच्या हाती द्यावा, एवढे तिला त्या विधीतले मनापासून भावले होते. आसपास पुरोहित मिळेना, म्हणून मंत्र मीच म्हणायचे ठरले. माझे सारे शिक्षण पाठशाळेतले. उभा जन्म संस्कृत शिकवण्यात गेला. तेव्हा ते काम मला अवघड नव्हते.

कन्यादानाच्या वेळी वधूचे पणजोबा, आजोबा आणि वडील यांची नावे तीनदा उच्चारावी लागतात: अमक्याची पणती, अमक्याची नात, अमक्याची कन्या. मी तीन ओळींचा एक कागद करून बॉनला पाठवला. गोत्राचा प्रश्न नव्हता. ज्याचे गोत्र ठाऊक नाही त्याचे काश्यप, ही सोय शास्त्रानेच केलेली आहे. तीन आठवड्यांनी कागद परत आला. वडील आणि आजोबा यांच्या ओळी भरलेल्या होत्या. पणजोबांच्या ओळीवर फूटपट्टीने सरळ रेघ ओढली होती.

मुलगा म्हणाला, "बाबा, सोडा ना. नुसतं पणती म्हणा आणि पुढे चला. मांडवात संस्कृत कळणारे तुम्ही एकटेच असाल."

"म्हणूनच चुकता येत नाही," मी म्हणालो.

सुनेने तो कागद हातात घेतला. ती माझ्याशी इंग्रजीत बोले आणि जमेल तिथे मराठी शब्द घाली. म्हणाली, "बाबा, मलाही ते नाव माहीत नाही. लहानपणी विचारलं की पपा म्हणायचे, आल्झो, म्हणजे असो, ते खाणीत होते, वारले. बस, एवढंच."

मी तिला नाशिकची हकिकत सांगितली. माझ्या मुंजीनंतर वडील मला तिथे घेऊन गेले होते. आमच्या तीर्थोपाध्यायांनी लाल कापडात बांधलेली बही सोडली आणि माझ्या सात पिढ्यांची नावे खड्या आवाजात वाचून दाखवली. ओसरीवर बसलेले परके लोकही ऐकत होते. वडिलांचा चेहरा उजळला होता. सून म्हणाली, "आमच्याकडेही बही आहे. फक्त ती लॅपटॉपमध्ये आहे."

तो उन्हाळा आम्ही दोघांनी त्या शोधात घालवला. दूरदर्शनवर सीरियातून चालत आलेल्या माणसांच्या रांगा दिसत. आम्ही जेवणाच्या मेजावर लॅपटॉप उघडून शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच देशात आलेल्या एका माणसाला हुडकत असू. प्रथम तिने कोळशाच्या खाणींच्या रूर भागातल्या एका गावाच्या कचेरीतून आजोबांच्या जन्मनोंदीची प्रत मागवली. त्या नोंदीत बापाचे नाव जर्मन वळणाचे होते, परंतु समासात वेगळ्या शाईने लिहिले होते की, या कुटुंबाने सरकारी परवानगीने आपले आडनाव बदलले आहे. जुने आडनाव जर्मन नव्हते. ते पोलिश होते.

सून म्हणाली, "म्हणजे आम्ही पोलिश?" प्रश्न तिने मला विचारला की पडद्याला, ते सांगता येत नाही.

पोलंडमधल्या काही स्वयंसेवकांनी पोझ्नानकडच्या खेड्यांतील चर्चच्या जुन्या वह्या वाचून त्यांतल्या विवाहांची सूची संकेतस्थळावर चढवली होती. आम्ही तिथे आडनाव घातले, काही मिळाले नाही. जर्मन कारकुनांनी ऐकू येईल तसे लिहिलेले असावे, असे धरून आम्ही एकेक अक्षर बदलून पाहिले. अखेर एका लग्नाची नोंद सापडली आणि तिच्यावरून वराचे गाव कळले. त्या गावच्या चर्चची बाप्तिस्म्याची वही तिथल्या सरकारी दप्तरखान्याने पानापानाची छायाचित्रे काढून ठेवली होती. नोंदी लॅटिनमध्ये होत्या. ती भाषा मी शिकलेलो नाही, परंतु 'पातेर' आणि 'मातेर' यांचा अर्थ मला कोणाला विचारावा लागला नाही. शाई उडालेल्या पोथ्या वाचण्यात आयुष्य गेल्यामुळे ते अक्षरही हळूहळू लागले. बालकाचे नाव, बापाचे नाव, आईचे माहेरचे आडनाव, दोन साक्षीदार. पान ओळखताच मी लॅपटॉपला हात जोडले. सुनेनेही जोडले.

इथवर सारे योग्य झाले, असे मी आजही म्हणेन. यानंतर मी जे केले ते नाशिकची ती ओसरी मनात घेऊन वाढलेला माणूसच करू शकतो. पूर्वजांची नावे चारचौघांत खड्या आवाजात ऐकवणे यापरता मोठा सन्मान नाही, हे मी इतके गृहीत धरले होते की ज्याचे पूर्वज त्याला आधी विचारावे, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

एका रविवारी दुपारी आम्ही बॉनला कॉफीसाठी गेलो. विहीणबाईंनी आलुबुखाराचा केक केला होता. व्याही टपाल खात्यातून निवृत्त झालेले, उंच, ताठ, अत्यंत नीटनेटके गृहस्थ. पहिला घोट झाल्यावर मी उभा राहिलो आणि त्यांच्या आजोबांचे बाप्तिस्म्याचे नाव, जुने आडनाव, गाव, त्यांच्या आईबापांची नावे, सारे तीर्थोपाध्यायांच्या चालीवर म्हटले.

व्याह्यांनी काटा बशीत ठेवला आणि सुनेकडे वळून जर्मनमध्ये काहीतरी विचारले. मुलगा दुभाष्याचे काम करत होता.

"विचारताहेत, हे यांना कोणी दिलं?"

"आम्ही दोघांनी शोधलं, म्हणून सांग."

"विचारताहेत, शोधायला कोणी सांगितलं होतं? त्यांनी रेघ मारून पाठवली होती. तुमच्याकडे रेघेचा अर्थ काय होतो?"

मी उत्तर देण्याआधीच व्याही पुन्हा बोलू लागले. आवाज चढला नव्हता. मुलगा खाली पाहत सांगत गेला, "म्हणताहेत, माझ्या वडिलांना शाळेत ज्या शब्दानं हाक मारायचे तो शब्द मी या घरात उच्चारणार नाही. आजोबांनी ते नाव टाकलं, तेव्हा कुठे त्यांच्या मुलांना माणसासारखं वागवलं गेलं. मरताना त्यांनी ते नाव पुन्हा न घेण्याचं वचन वडिलांकडून घेतलं, वडिलांनी माझ्याकडून." मग तो थांबला. "पुढचं मी सांगत नाही, बाबा."

"सांग."

"म्हणताहेत, कालपरवा या देशात आलेल्यानं मी कोण ते मला सांगू नये."

मला राग आला. क्रोध आवरण्याविषयी मी चाळीस वर्षे मुलांकडून श्लोक पाठ करवून घेतले होते. त्यांतला एकही त्या वेळी कामी आला नाही. मी म्हणालो, "त्यांना सांग, ज्याला आपल्या आजोबांची लाज वाटते त्याच्या हातून दान घेताना मलाही विचार करावा लागेल."

व्याह्यांनी मुलाला विचारले, "काय म्हणाले ते?"

"म्हणाले, केक छान झालाय."

विहीणबाईंनी मला आणखी एक तुकडा वाढला. सुनेला मात्र तेवढे मराठी समजत होते. ती उठून बशा गोळा करू लागली. त्यांतल्या दोन बशांत अजून केक होता.

परतीच्या गाडीत मुलगा म्हणाला, "लग्न लावायचं राहिलं बाजूला, तुम्ही भांडण लावून आलात."

त्यानंतर व्याह्यांचे पत्र आले. इंग्रजीत, यंत्रावर छापलेले. आजोबांच्या थडग्यावर जे जर्मन नाव कोरले आहे ते उच्चारायचे असेल तर हरकत नाही. दुसरे नाव कानी आले तर ते त्या क्षणी उठतील. मी उलट टपाली कळवले की, बारशाला ठेवलेले नाव तेच माणसाचे नाव. भीतीपोटी घेतलेले नाव मी अग्नीसमोर उच्चारू शकत नाही. त्यांचे उत्तर एका ओळीचे होते: मग ते येणार नाहीत.

मुलाने माझ्याशी बोलणे सोडले. म्हणजे 'जेवायला चला' आणि 'गोळी घेतली का' इतकेच बोले. एकदा मात्र स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "तुमच्या त्या बहीत हेही लिहून ठेवा. सुनेला बाप नव्हता, कारण सासऱ्याला पणजोबा हवा होता."

सुनेने आवाज चढवला नाही. ती एका सायंकाळी माझ्यासमोर येऊन बसली आणि शब्द शोधत शोधत, मराठीतच म्हणाली, "बाबा, मला दोघं पाहिजेत. पपा पण, आणि ते पण. मी निवडणार नाही. तुम्ही पण निवडू नका."

मी मान डोलावली आणि नंतर निवडले. मीमांसा शिकलेला माणूस मुख्य ते प्रधान आणि पूरक ते अंग, असा विचार करतो. अंगासाठी प्रधानाचा लोप होऊ द्यायचा नसतो. कन्यादानात दाता प्रधान, नामोच्चार हे अंग. दाताच नसेल तर नावे कोणासाठी घ्यायची? मी व्याह्यांना लिहिले, "ते नाव माझ्या तोंडून येणार नाही. जर्मन नावही येणार नाही. तिथे मी मौन पाळीन. हा माझा शब्द." त्यांनी येत असल्याचे मुलीला दूरध्वनीवरून कळवले. तिला वाटले, पपांचे मन वळले. मी तिला माझ्या पत्राविषयी सांगितले नाही. सांगितले असते तर ती नाही म्हणाली असती, हे मला ठाऊक होते.

सभागृहात एश्बॉर्नची चार-पाच मराठी कुटुंबे होती, एका बाजूला तिच्याकडची माणसे. मुले जर्मनमध्ये कुजबुजत होती. व्याही गडद सुटात, अनवाणी, पाटावर अवघडून बसले होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. खाली काशाचे पात्र, त्यावर मुलाची ओंजळ, तीवर सुनेची, वर व्याह्यांचा हात. विहीणबाईंनी झारीतून पाण्याची धार धरायची होती.

मी प्रवरोच्चार सुरू केला. पणजोबांच्या जागी श्वास घेतला, थांबलो आणि आजोबांवर गेलो. सुनेने मान वर केली. बहुधा मी विसरलो, असे तिला वाटले असावे. दुसऱ्या आवृत्तीत मी पुन्हा तिथेच थांबलो. तेव्हा तिने आधी माझ्याकडे पाहिले, मग वडिलांकडे, आणि तिला सारे समजले. तिच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो मी पूर्वी कधी स्वतःकडे वळलेला पाहिला नव्हता. तिसऱ्या आवृत्तीत मी थांबलो आणि त्या रिकाम्या जागी तिने स्वतः ते नाव उच्चारले. बाप्तिस्म्याचे, पोलिश, आडनावासकट. मोठ्याने नव्हे, परंतु स्पष्ट.

व्याह्यांचा हात आखडला. विहीणबाईंची धार थांबली. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिले, मुलीकडे नाही. त्यांच्या दृष्टीने ते नाव तिला मी पढवले होते. शब्द तांत्रिकपणे पाळून मोडण्याची ही पंडिती युक्ती होती. मी आजोबांचे नाव घेतले, मग त्यांचे. सून ओंजळ न हलवता बसून होती. अखेर व्याह्यांनी हात पुढे केला आणि विहीणबाईंनी पाणी सोडले.

जेवणाला ते थांबले नाहीत. कोट घेताना दाराशी मला गाठून इंग्रजीत म्हणाले, "तुम्ही शब्द दिला होता."

सून चार पावलांवर, विहीणबाईंच्या खांद्यावर शाल टाकत होती. तिने स्वतःहून ते नाव घेतले, हे मी सांगितले असते तर त्यांचा राग योग्य ठिकाणी गेला असता.

"होय," मी म्हणालो. "मोडला."

"मला हेच अपेक्षित होतं," असे म्हणून ते गेले.

ते दर रविवारी मुलीला दूरध्वनी करतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा येतात, तिच्यासाठी विहीणबाईंच्या हातचा केक आणतात. मी खोलीत आलो की बोलणे थांबते. मीही त्यांना नमस्कार करत नाही. सून मला जेवायला वाढते, औषधे आणून देते, परंतु तिच्याशी न बोलता मी तिच्या वतीने निवडले, हे ती विसरलेली नाही. दाराशी काय बोलणे झाले, ते तिने ऐकले की नाही, हे तिने मला कधी सांगितले नाही आणि मी विचारलेले नाही.