मिरचीचा पाट आणि सैल पापणी

जानेवारीची बारा तारीख. सकाळी मी चुलीशी भाकरी थापत होते आणि माझ्या पाटावर धाकटी जाऊ बसली होती.

तो पाट मिरचीच्या ढिगाशी असतो. आमच्या कोरीटच्या घरी त्यावर बसते ती बाजारात न्यायची लाल मिरची निवडते, पांढरी पडलेली बाजूला काढते. वीस वर्षं ते काम माझं होतं. मग रोज उठल्यावर डोळे लाल आणि चिकट, उजवा जास्त. सगळ्यांनी मिरचीला दोष दिला आणि दिवाळीनंतर मला तिथून उठवलं. जाऊ त्याच मिरचीत हात घालते, त्याच हाताने तोंड पुसते, आणि तिचे डोळे धुतल्या काचेसारखे. बघून माझा जळफळाट व्हायचा. मिरची सोडूनही माझे डोळे तसेच राहिले, म्हणून दुपारी नंदुरबारला गेले.

डॉक्टरीणबाईंनी वरची पापणी बोटाने जराशी सरकवली, तर ती सगळी उलटली. मिरचीचा संबंध नाही, म्हणाल्या. पापणी सैल पडली आहे. झोपेत उलटते आणि उशीवर घासते. उजव्या कुशीवर झोपता ना? झोपते. दिवसा पेंग येते? भाकरी थापतानाही येते. रक्तदाब वाढलेला निघाला, वजनाचं तर दिसतच होतं. अशा पापणीवाल्यांचा पुष्कळदा झोपेत श्वास अडकतो, तेही तपासायला हवं. तुमची झोप ऐकणारं कोणी असेल तर उद्या घेऊन या.

नवऱ्याच्या उशाशी ट्रॅक्टर सुरू केला तरी तो उठायचा नाही. उरली भिंतीपलीकडची जाऊ. जिवावर आलं, तरी संध्याकाळी तिला विचारलं.

देठं खुडता खुडता ती म्हणाली, "ताई, तुम्ही घोरतस, मंग एकदम गप. श्वास परत चालू व्हस तवलोंग माले झोप येत नही."

"मंग सांगं का नही?"

"तुम्ही मन्हासंगे बोलतस कवय?"

खरं होतं. दिवाळीपासून मी तिच्याशी धड बोलले नव्हते. पण माझ्यापायी ती जागते आणि तरी तिचे डोळे स्वच्छ, हेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या निवडलेल्या ढिगातून मी चार पांढऱ्या मिरच्या शोधून काढल्या आणि पाटावर तिला दिसतील अशा ठेवल्या. मग दोघींसाठी रिक्षा थांबवली.