अठरा पूर्ण व्हायच्या आत

बहात्तरच्या दुष्काळाच्या साली माझं लग्न झालं तेव्हा मी तेरा वर्षांची होते, सहावीत. आमचं गाव पूर्णेजवळचं. आई-बाप दिवसभर खडी फोडायच्या कामावर. मोठी होत चाललेली पोर घरी एकटी नको, म्हणून त्यांनी मला मांडवात उभं केलं. बुद्धवंदना झाली, फुलं पडली आणि तिसऱ्या दिवशी मी पुन्हा शाळेत जाऊन बसले. नांदायला मोठी झाल्यावर पाठवायचं, असं ठरलं होतं.

चार वर्षांनी सासरचा निरोप आला. ते लोक ऊसतोडीला जात. कोयत्याला नवरा-बायकोची जोडी लागते, म्हणून दसऱ्याच्या आत पोरगी पाठवा, असं म्हणाले. मी तेव्हा दहावीत होते.

मामा परभणीच्या कोर्टात शिपाई होते. पक्षकारांची नावं पुकारायचं काम त्यांचं. निरोपाचं कळल्यावर पुढच्याच रविवारी ते आले आणि ओसरीवर बसताच वडिलांना म्हणाले, "दाजी, कायदा बदललाय. वकील लोक त्याच्यावरच बोलायलेत. पंधराच्या आत लगीन लावलेल्या पोरीला आता ते नाकारता येतंय. फकत तिनं अठरा व्हायच्या आत बोलाया पायजे."

"आन् गाव काय म्हणंल?" वडील म्हणाले. "लागलं ते लागलं."

"मी तुमाला न्हाई इचारायलो. तिला इचारायलोय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "मला न्हाई जायचं."

"जोरात बोल. तिथं साहेबाला ऐकू जावं लागंल."

आई भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "मला तर कुणीच इचारलं नव्हतं."

वडील उठून बाहेर गेले. आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मी अजून सज्ञान नव्हते, म्हणून अर्जावर पालकाचं नाव लागणार होतं. मामा वकिलाकडून कागद घेऊन आले तेव्हा वडिलांनी अंगठा पुढं केला. त्याआधी सासरी धाडायचं पत्र वकिलानं माझ्याच हातानं लिहून घेतलं होतं. 'हे लग्न मला मान्य नाही.' माझ्या अठराला तेव्हा चार महिने उरले होते.

तारखांवर तारखा पडत गेल्या. पूर्णेहून सकाळच्या गाडीनं आम्ही परभणीला जायचो. मध्येच मला अठरा पूर्ण झाली आणि माझा धीर सुटला. वकील म्हणाले, "तू नाकारलंस कधी, ते बघतात. निकाल कधी लागतो, ते नाही."

साक्षीच्या दिवशी मामांनीच माझं नाव पुकारलं, इतरांचं पुकारतात तसंच, माझ्याकडं न बघता. समोरचे वकील म्हणाले, मुलगी लग्नाच्या वेळी सोळाची होती. मग आमच्या हेडमास्तरांनी शाळेची रजिस्टरं उघडली. एकात माझी जन्मतारीख होती. दुसऱ्यात, सहावीच्या हजेरीत, माझ्या नावापुढं गैरहजेरीच्या दोन चौकोनांत लाल शाईनं लिहिलं होतं : 'लग्न'. न्यायाधीशांनी ते पान बराच वेळ समोर ठेवलं.

मग माझा नवरा पिंजऱ्यात आला. लग्नानंतर मी त्याला पहिल्यांदाच नीट बघत होते. उन्हानं रापलेला, हातांवर उसाच्या पात्याचे ओरखडे. त्याचा बाप मागून त्याच्याकडं रोखून बघत होता. न्यायाधीशांनी विचारलं, "लग्नाच्या वेळी मुलगी केवढी होती?"

तो म्हणाला, "साहेब, ल्हान व्हती. मांडवातच झोपली. तिच्या मायनं उठिवलं, मग हार घातला." आणि खाली बघत म्हणाला, "ती म्हणायलीय ते खरं हाय."

निकाल माझ्या बाजूनं लागला. बाहेर व्हरांड्यात तो भेटला. म्हणाला, "शिका तुमी."

मॅट्रिक झाले, पुढं नर्सिंगला गेले. पहिल्या सुट्टीत घरी आले तर ओसरीवर शेजारच्या गावची एक बाई लेकीला घेऊन बसलेली. वडील तिला सांगत होते, "पंधराच्या आत लगीन झालं का? आन् अजून अठरा न्हाई ना? मंग भेऊ नका. शाळेचा दाखला घ्या. उद्या सकाळच्या गाडीनं मी येतो संगं."