ओल्या रद्दीची झाडं

हे मी आजवर कुणापुढे बोललेले नाही. नवऱ्याला माहीत नाही, मुलीला माहीत नाही. देवासमोर हात जोडताना मनात येतं, तेव्हा पटकन आरती सुरू करते. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर तुमच्याशीही खोटंच बोलले असते – सवय आहे.

अकोटात आमच्या कॉलनीच्या फाटकावर एक हिरवा फलक आहे. 'या महिन्यात आपण वाचवलेली झाडं' असं वर लिहिलेलं, आणि खाली आकडा. तो आकडा दर महिन्याला मी खडूनं लिहीत असे. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, निवृत्तीनंतर काय करायचं, तर हे हाती घेतलं. रविवारी सकाळी दोघी बायका हुकाचा काटा घेऊन दारोदार जायच्या, घराघरातली रद्दी, पुठ्ठे, प्लास्टिक तोलायच्या आणि त्या घराच्या कार्डावर वजन लिहायच्या. मग मी एका पत्रकावरून हिशोब करायची – इतका कागद म्हणजे एक झाड. कॉलनीतली माणसं फलकासमोर उभी राहून फोटो काढत. मला 'झाडवाल्या मॅडम' म्हणू लागली. खोटं कशाला सांगू, फार गोड वाटायचं ते.

गोळा झालेला माल मागच्या टिनाच्या शेडमध्ये जाई. तिथे शमीम निवडायची. पन्नाशीची बाई, नवरा गेलेला. तिचे वडील पिंजारी, गाद्या भरणारे. कापूस नुसता मुठीत धरून तो किती ओला आहे हे ती सांगायची, असं तिचं तीच अभिमानानं बोलायची. मी हसायची. विज्ञानाची बाई ना मी.

आता गोष्ट अशी, की घरोघरी वजन लिहिलं जातं म्हटल्यावर गल्लीगल्लीत चढाओढ लागली. आणि आमचं गाव कापसाचं. बाजारात न्यायच्या आधी कापसावर पाणी मारायची खोड इथे काहींना जुनी आहे. मग रद्दीनं काय घोडं मारलं होतं? पिशव्या ठिबकायला लागल्या. गठ्ठ्यांच्या मध्ये दगड निघू लागले, कुंडीतली माती निघाली. एका वकिलाच्या घरच्या पिशवीत तर फुटका पाटा होता. मला हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. काटा धरणाऱ्या बायकांना मीच म्हटलं, लिहा, लोकांचा उत्साह मोडू नका.

शमीम मात्र बोलली. सगळ्यांसमोर नाही, शेडमध्ये, मला एकटीला.

"बाई, आपल्या गावात लोकं कापसावर पाणी मारतेत, अन् तुमी आता रद्दीवर मारून राहिल्या."

मी शाळेत पोरांना शिकवलं होतं, ओला कापूस तोलणं म्हणजे चोरी. ते वाक्य या बाईच्या तोंडून मला ऐकावं लागलं, याचा राग आला. खरं होतं म्हणून जास्त आला. मी तिला म्हटलं, तू निवडायचं काम कर, मोजायचं मी बघते. ती परत निवडायला बसली. पण त्या दिवसापासून तिनं एक केलं – निघालेले दगड, माती, चिंध्या, कुजका पुठ्ठा, सगळं वेगळ्या पोत्यांत भरून भिंतीला लावून ठेवू लागली. उद्या कोणी विचारलं तर दाखवता येईल, म्हणाली. माझ्यासाठी ठेवत होती ती, हे लक्षात घ्या. माझ्यावर बालंट येऊ नये म्हणून.

मग स्वच्छतेच्या बक्षिसासाठी कॉलन्या तपासायला जिल्ह्यावरून समिती यायचं ठरलं. आमची कॉलनी पहिली येणार, असं जो तो म्हणत होता. दोन दिवस आधी मला एका ओळखीच्या माणसाचा फोन आला – मॅडम, माल उचलणाऱ्या भंगारवाल्याच्या पावत्या समितीनं मागवल्यात, तुमचं फलकावरचं वजन आणि पावत्यांवरचं वजन यात फार फरक आहे, उत्तर तयार ठेवा.

उत्तर तयारच होतं. भिंतीला लावून ठेवलेलं होतं, पोत्यांत. पाणी उडून गेलं होतं, पण दगड-माती शाबूत होती. मी एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, आमचं मोजणं चुकलं, दारात तोललं ते खरं नव्हतं, निवडल्यावर तोलायला हवं होतं. बक्षीस गेलं असतं. फलक पुसावा लागला असता. बस्स, इतकंच.

मी काय केलं? दुसऱ्या दिवशी शमीम दर्यापूरला बहिणीकडे गेली होती. सकाळी घंटागाडी आली तेव्हा मी स्वतः उभं राहून ती सगळी पोती गाडीत टाकायला लावली. शेड झाडून घेतलं. समिती येणार, स्वच्छता नको का?

समितीनं विचारलंच – मग बाकीचा माल गेला कुठे? शमीम दाराशी उभी होती. ती रिकाम्या भिंतीकडे पाहत होती. मी आवाज खाली आणला. दयाळू आवाज काढता येतो मला, शिक्षिकेला येतोच. म्हटलं, निवडायचं काम एका गरीब बाईकडे आहे, विधवा आहे, आम्ही फार खोलात गेलो नाही.

चोर हा शब्द मी उच्चारला नाही. तो बाकीच्यांनी उच्चारला. ज्यांनी पिशवीत दगड घातले होते, त्याच बायकांनी दुसऱ्या दिवशी फाटकावर तिची पिशवी उपडी करून पाहिली. डबा निघाला, ओढणी निघाली. "मी तं आधीच म्हणून राहिली होती," वकिलाची बायको म्हणाली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच, पण त्या चोरांची मुकादम मी होते. मी गच्चीवरून पाहत होते. खाली उतरले नाही.

आठ दिवसांनी ती माझ्या दारात आली. आत ये म्हटलं नाही मी. ती रडत नव्हती. म्हणाली, "बाई, मले काम नाई पाहिजे. फकत चार लोकाईत सांगा का मी चोर नाई. पोरीचं लगन हाय."

मी म्हटलं, बघते. आणि दार लावून घेतलं. त्या लग्नाचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही. मोडलं असं नंतर कानावर आलं.

बक्षीस आम्हाला मिळालं.

तुम्हाला वाटत असेल, झाला कबुलीजबाब. नाही – हे तर मी मनातल्या मनात केव्हाच कबूल केलेलं आहे. सांगायचं ते पुढेच आहे.

बक्षिसानंतर मला व्याख्यानांना बोलावू लागले. कचऱ्याचा फायदा कसा मोजावा, लोकांना तो कसा सांगावा. तेल्हारा, अकोला, अमरावती. तिथे मी एक उदाहरण देते. एका बाईवर आम्ही विश्वास टाकला आणि तिनं माल लांबवला, म्हणून आकडे चुकले – तेव्हा मोजणाऱ्यांनो, निवडणाऱ्यांवर नजर ठेवा. लोक माना डोलावतात. हे उदाहरण फार चालतं.

मागच्या हिवाळ्यात दर्यापूरला बोलायला गेले. समोर कचरा निवडणाऱ्या बायका बसवल्या होत्या, सगळ्यांना सारखे हिरवे कोट. तिसऱ्या ओळीत शमीम होती. मी बोलायला उभी राहण्याआधीच मला ती दिसली. तिनंही मला पाहिलं, आणि मान खाली घातली नाही.

ते उदाहरण मला गाळता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं. एक क्षण तसं मनातही आलं – आणि मग वाटलं, गाळलं तर तिला कळेल, की खरं काय ते मलाही माहीत आहे.

मी ते उदाहरण दिलं. नेहमीपेक्षा सावकाश, नीट समजावून दिलं. तिच्याकडे बघत दिलं. शेवटी टाळ्या झाल्या. तिच्या शेजारच्या बाईनं तिला कोपरानं ढोसलं, तेव्हा तिनंही वाजवल्या.