गुळवेलीचा गुण

शेजारच्या काकूंनी आईला गुळवेलीची पावडर दिली. रोज घेतली की पोरं आजारी पडत नाहीत म्हणे. तेव्हा आम्ही मुलुंडला राहायचो आणि मी बारावी सायन्सला होते. नुसतं ऐकून मी मानणार नव्हते. पावसाळाभर ती कडूजहर पावडर मी रोज गिळली, धाकट्या भावाला मुद्दाम दिली नाही. श्रावणात दोघांनाही एकदमच सर्दी झाली आणि एकदमच बरी झाली.

"बघ, काही उपयोग नाही," मी ठणकावलं.

"नाही कसा? सर्दी लवकर गेली ना!" आई म्हणाली.

"अगं, त्याने घेतलीच नव्हती!"

"तुझ्या शेजारी झोपतो. त्यालाही गुण आला."

माझं डोकंच फिरलं. "पुढच्या पावसाळ्यात त्याला बोरिवलीला मावशीकडे ठेवायचं," मी जाहीर केलं.

"ठेव की," आई म्हणाली, "जाताना पावडरीचा डबा दे बरोबर."