चिकटपट्टीखालचा आकडा

हे मी आजवर कुणाजवळही बोललेलो नाही. आताही सुषमा भाजी आणायला खाली गेली आहे म्हणून लिहितोय. बेल वाजली की वही मिटेन. आठ वर्षांत एवढीच हिंमत जमली आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

गोष्ट एका जुन्या होडीची आहे. तिच्याबद्दल मी एक आकडा चुकीचा सांगितला. चुकीचा — बघा, इथेही मी सौम्य शब्द शोधला. खोटा सांगितला.

आकड्यांच्या बाबतीत माझं घरात आणि सोसायटीत नाव आहे. सिलिंडर आला की मी तो काट्यावर ठेवतो. टाकीत पाणी किती, हे गच्चीवर जाऊन पट्टीने मोजतो. 'किती?' असं कुणी विचारलं आणि मी सांगितलं, की पुन्हा कुणी मोजत नाही. त्या सवयीवरच ते खोटं उभं राहिलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर सुषमाने एकदा तरी वाकून पाहिलं असतं.

तेव्हा मानपाड्याच्या आमच्या वन रूम किचनमध्ये आम्ही पाच जण होतो. आई, अप्पा, मी, सुषमा आणि अकरा वर्षांची चिनू. अप्पांचा टीव्ही, आईचा खोकला, चिनूचे पाढे, कुकर — आणि बाथरूमची कडी लावली की दोन मिनिटांत कुणीतरी दार वाजवायचं. मला एक तास हवा होता. कुणी नसलेला एक तास. हे कारण म्हणून सांगत नाही. त्या घरात सुषमालाही एक तास मिळत नव्हता, आणि तिने खोटं बोलून तो घेतला नव्हता.

ऑफिसमधला एक जण खडवलीला नदीवर कॅनू चालवायचा. कॅनू म्हणजे लांबट, हलकी होडी, एका वल्ह्याने चालवायची. मी दोनदा त्याच्याबरोबर गेलो आणि जुनी कॅनू शोधायला लागलो. वहीत रकाने आखले — लांबी, रुंदी, होडीचं स्वतःचं वजन, किती भार पेलते, डागडुजी कुठे झाली आहे. कल्याणला एक मिळाली, अकरा फुटी, एकट्याची. मला तीच हवी होती. सुषमा म्हणाली, "अहो, यात आपण तिघं बसायचं कसं? एकमेकांच्या मांडीवर?"

तिचं माहेर खाडीकाठचं. शाळेत जायला रोज तर, म्हणजे खाडी ओलांडायची होडी, लागायची. तरवाला वल्हवायचा आणि ही पुढच्या टोकाला बसून हात पाण्यात सोडायची. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि तिने माझ्याकडे हौसेचं असं काही मागितलेलं मला आठवत नाही. होडीचा विषय निघाल्यावर मात्र तिने मागितलं. "पुढची जागा माझी हं. मी काही वल्हवणार नाही. नुसती बसेन."

मग वर्तकनगरची जाहिरात दिसली. एका निवृत्त गृहस्थांची पंधरा फुटी कॅनू, दोन बैठका, मध्ये फळी टाकली की तिसरी. आम्ही तिघं बघायला गेलो. सुषमा आणि चिनू वर त्यांच्या घरी चहाला गेल्या, मी खाली पार्किंगमध्ये राहिलो. फायबर बोटांनी ठोकून पाहिलं, कुठे पोकळ वाजतं का ते. आत चार बादल्या पाणी ओतून गळती पाहिली. काही दोष नव्हता. गृहस्थ म्हणाले, "घरच्यांना घेऊन जा, नाहीतर एकटे जा. एकटं जायचं तर पुढच्या बैठकीवर उलटं बसायचं, म्हणजे भार मधोमध येतो. एकाच होडीत दोन्ही होतं बघा." मागच्या बैठकीखाली पत्र्याची छोटी पाटी होती. तिच्यावर भार कोरलेला — तीनशे वीस किलो.

त्यांचं वाक्य माझ्या कानात अडकलं. दोन्ही होतं. म्हणजे प्रत्येक रविवारी चिनू मध्ये, सुषमा पुढे, डबा, पाण्याच्या बाटल्या, 'अहो, ते बघा', 'बाबा, बगळा' — म्हणजे घरच नदीवर आणायचं. तेवढ्यात पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून सुषमाने विचारलं, "अहो, किती वजन झेपतं हिला?"

मी पाटीकडे पाहिलं. आणि म्हणालो, "दीडशे."

का दीडशे? कारण माझं वजन चौऱ्याहत्तर आणि तिचं एक्याऐंशी. बेरीज एकशे पंचावन्न. मी ती बेरीज आधी केली — आणि मग आकडा निवडला. घाबरून तोंडातून निसटला असं म्हणायला मला जागाच नाही.

गृहस्थांनी ऐकलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग हातातल्या फडक्याने ती पाटी पुसली आणि फडकं घडी करून खिशात ठेवलं. 

सुषमा वरून हसली. "पाच किलोंसाठी अडवता होय मला? मी काय तांदळाचं पोतं आहे?"

मी नुसतं हसलो. होडी घेतली. ती म्हणाली, "घ्या हो, चिनू तरी बसेल. माझं मी बघते." टेम्पोने होडी खडवलीला नेली आणि भोईरकाकूंच्या पडवीत ठेवली. त्यांचं घर काठालाच आहे. पहिल्या दिवशी सुषमाने होडीला हळदकुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडला. पाटी तोपर्यंत मी काळ्या चिकटपट्टीने झाकली होती. बारीक तडा आहे, पाणी नको शिरायला, असं सांगून. पूजा करून ती मागे सरली आणि काठावरच्या दगडावर बसली. मी आणि चिनू पाण्यात गेलो.

तिसऱ्या रविवारी चिनू म्हणाली, "आई एकटी बसते आणि मी मजा करू? मी नाही येत." ती आईशेजारी जाऊन बसली. आणि मला माझा तास मिळाला. असा मिळाला.

इथे थांबता आलं असतं तर गोष्ट लहान राहिली असती. पण सुषमा 'माझं मी बघते' म्हणाली होती ते गमतीत नव्हतं. तिने रात्रीचा भात सोडला. मग पोळी एकावर आणली. सकाळी मानपाडा रोडने चालायला लागली. आई चेष्टा करायची — "अगं, होडीत बसायचं म्हणून एवढं? लग्नात नव्हतीस एवढी बारीक!" ताट वाढताना सगळे हसायचे. मीही हसायचो. समोर बसून, माझा भात कालवत.

अकरा महिन्यांनी एका रविवारी तिने नदीकाठी पर्समधून वजनाच्या यंत्राचं तिकीट काढून माझ्या हातात दिलं. बहात्तर. "चौऱ्याहत्तर आणि बहात्तर, एकशे सेहेचाळीस. करा बेरीज." एवढं बोलून ती चप्पल काढायला लागली. साडीचा घोळ वर खोचला. एक पाय पाण्यात टाकलासुद्धा.

मी म्हणालो, "लाइफ जॅकेटं दोन. वल्हं. डबा, पाणी. सहा तरी धर. एकशे बावन्न होतात."

दोन किलो. कोण माणूस दोन किलो सोडत नाही? मी. ती तशीच उभी राहिली, एक पाय पाण्यात. मग म्हणाली, "हो ना, ते राहिलंच माझ्याकडून." पाय बाहेर काढला, पदराने पुसला.

भोईरकाकू मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "आमच्या होरीन पाच जनं बसतात रं. तुमची बाय काठाला कनाला बसते?" मी म्हणालो, "काकू, ती लाकडी होडी, ही वेगळी." सुषमाने मान हलवली. माझ्या बाजूने.

ती आणखी खाणं कमी करायला निघाली. पुढच्या महिन्यात खडवली स्टेशनच्या पुलावर चक्कर येऊन खाली बसली. हातातला डबा सुटून पायऱ्यांवरून घरंगळत गेला. तेव्हा मी घाबरलो आणि म्हणालो, "बंद कर हे सगळं. आधी तू नीट खा." खरं सांगायची याहून चांगली वेळ कुठली होती? मी तेवढंच म्हणालो. ती आजही नातेवाइकांत सांगते — यांनीच मला जेवायला लावलं हो, माझी फार काळजी. मी शेजारी बसून ऐकतो.

आता अप्पा नाहीत, आई नाही. चिनू नाशिकला हॉस्टेलवर. घरात आम्ही दोघं. टीव्ही कुणी लावत नाही. एकांत एवढा आहे की कुठे ठेवायचा कळत नाही. तरी दर रविवारी सुषमा डबा भरते, काठापर्यंत येते आणि म्हणते, "जा तुम्ही. तुमचा तास आहे." मी वळणापलीकडे जातो, करंजाच्या फांदीला होडी बांधतो आणि घड्याळाकडे बघत बसतो. लवकर परतलो तर ती विचारेल, बरं नाही का? होडी विकावी तर घेणारा पट्टी काढून पाटी वाचेल, तिच्यासमोर. तिला बसवावं तर दीडशेचं काय झालं ते सांगावं लागेल. तीनशे वीस किलो पेलणाऱ्या होडीत मी एकटा अडकलो आहे.

गेल्या महिन्यात, पावसाळ्यानंतर, सुषमा आणि भोईरकाकूंनी होडी काथ्याने घासून काढली. मी तेव्हा कामावर होतो. रविवारी होडी पाण्यात घातली आणि वळणापलीकडे गेल्यावर माझी नजर पाटीवर गेली. पट्टी नवी होती.

मी चिकटपट्टी दातांनी तोडतो. कडा नेहमी वाकड्या. ही कात्रीने कापलेली होती, चारही कोपरे गोल. सुषमा मसाल्याच्या बरण्यांना लेबलं लावते ना, तशी. कोपरे गोल केले की सुटत नाहीत, असं ती म्हणते.

म्हणजे तिने पाटी वाचली. आणि परत झाकली. हे पहिल्यांदाच झालं, की दर पावसाळ्यानंतर होत होतं? पुलावर चक्कर आली, त्याच्या आधी की नंतर? मला माहीत नाही. आजवर मी ती पट्टी नीट पाहिलीच नव्हती.

त्या दिवशी मी तास पूर्ण करून परत आलो. ती दगडावर बसली होती, पाय पाण्यात सोडून. "झालं?" तिने विचारलं. मी "झालं" म्हणालो. तिने डबा उघडला.

आज माझं वजन अठ्ठ्याहत्तर आहे, तिचं ऐंशी. एकशे अठ्ठावन्न. त्यानंतर चार रविवार झाले. चारही रविवारी मी एकटाच गेलो.